बाटलीतलं तेल

रत्नागिरी,
१४ जानेवारी

चि. मैना,

वरच्या पुडीत तिळगूळ आहे, तो आधी काढून घे. खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली काळी बाटली आहे, तिला ऊन दाखवू नको. ते जवसाचं तेल आहे, आपल्या घाण्याचं, पहिल्या घाण्याचं.

तू म्हणशील, दादा खोबरेल आणि शेंगदाण्यावर सुखात होता, आता जवसाचं काय काढलंन? कारण भावजी. धाकूभावजींच्या रक्तात चरबी वाढल्याचं तू लिहिलंस, त्या दिवसापासून मी वाचतोय. मी कॉलेजात गेलो नाही, पण नगर वाचनालयातलं तेलबियांवरचं एकही पुस्तक माझ्या हाताखालून गेल्यावाचून राहिलेलं नाही. जवस नागपूरकडून मागवलं, स्वतः निवडलं, लाकडी घाण्यावर सावकाश काढलं. लोखंडी मशीनवर बी तापतं आणि तेल काढतानाच मरतं. हे जिवंत तेल आहे.

आता नीट वाच. हे तेल फोडणीला नाही. मासे तळायला नाही. शंभर अंशांच्या थोडं वर गेलं की धुमसतं आणि औषधाचं विष होतं. भात-आमटी ताटात वाढल्यावर वरून चमचाभर सोडायचं, नाहीतर लसणीच्या चटणीत कालवायचं. तळायला खोबरेल, फोडणीला शेंगदाण्याचं, भाजीला कधी तिळाचं. रेशनचं पामतेल बंद. आणि एकदा तळलेलं तेल परत परत कढवण्याची तुमच्या वाडीतली सवय तर पहिली बंद.

ही बाटली फ्रिजमध्ये ठेव, दारात नको, आत. महिन्यात संपव. पूर्णगडच्या गाडीच्या कंडक्टरला सांगून ठेवलंय, दर पंधरवड्याला बाटली येईल, तिच्यासोबत पत्र येईल. रिकाम्या बाटलीतून नाही, पिशवीतून उत्तर पाठव. त्या तापानंतर तुला ऐकू येत नाही, आणि भावजींना फोनवर सांगावं तर ते "हो, हो" म्हणतात आणि तुझ्यापर्यंत निम्मंच पोचतं. लिहिलेलं बरं.

तुझा,
शिवादादा


पूर्णगड,
२५ जानेवारी

ती. दादा,

नमस्कार. तू रागावणार हे ठाऊक असून लिहिते.

तुझं पत्र पिशवीच्या तळाशी राहिलं आणि बाटली आधी हाती आली. ह्यांनी त्या दिवशी बांगडे आणले होते, ताजे, डोळे चमकत होते. मी तव्यावर तुझं तेल ओतलं. एवढा धूर झाला की शेजारचा बाबू धावत आला, "वयनी, काय पेटलं?" म्हणून. तो कायम आमच्या पडवीतच असतो, विडी ओढायला. बायको त्याला घरात ओढू देत नाही. बांगडे कडूजार झाले. मांजरानेसुद्धा हुंगून सोडले.

हे म्हणाले, "तुझ्या दादाचं तेल म्हणजे देवळातलं तीर्थ. पळीभर घ्यावं नि उरलेलं डोक्याला लावावं." मी ओठांवरून सगळं वाचते हे विसरतात.

सासूबाईंना मात्र आवडलं. जनीबाई आता ऐंशीच्या, त्यांना कोण काय सांगणार? भातावर घेतात आणि म्हणतात, "गो, हाडां हलकी झाली." मी म्हटलं, आई, दोनच दिवस झाले. तर म्हणतात, "शिवा मोठा हुशार झिल. त्याच्या हातचां कायव वाया जाणार नाय."

तुझी,
मैना


रत्नागिरी,
२८ जानेवारी

चि. मैना,

पत्र तळाशी राहिलं! पुढच्या वेळी पत्र बाटलीच्या मानेला दोऱ्याने बांधीन.

बांगडा मुळात तेलाचा मासा. त्यात जे चांगलं आहे तेच जवसात आहे. दोन्ही चांगल्या गोष्टी तू एकाच तव्यावर जाळल्यास. असो. जनीआईंना माझा नमस्कार सांग आणि त्यांचं ऐक. माणूस शिकलेला नसला तरी त्याच्या जिभेला सत्य कळतं.

बाबूला सांग, विडी आणि जिवंत तेल एका पडवीत नांदत नाहीत.

नवीन बाटली पाठवतोय. आणि भावजींना म्हणावं, डोक्याला नको, पोटाला.

शिवादादा


पूर्णगड,
१६ मार्च

ती. दादा,

बाटल्या साठल्या. पाच झाल्या. एवढं तेल आमच्याच्याने संपत नाही, आणि तुला "पाठवू नको" असं लिहायचा धीर होत नव्हता. फ्रिज लहान, त्यात ह्यांची मासळी. दोन बाटल्या बाहेर राहिल्या, त्यांना रंगाच्या डब्यासारखा वास यायला लागलाय. सासूबाईंनी काल भात बाजूला सारला. म्हणाल्या, "आज तेल रागावलांय."

ह्यांच्या होडीचं इंजिन बिघडलंय. सुटा भाग मुंबईहून यायचा आहे, तोवर होडी वर ओढून झापाखाली ठेवलीय. बसून करायचं काय, म्हणून ह्यांना सुचलं की लाकडाला तेल द्यावं. दरवर्षी उंडीचं देतात. ते म्हणतात, सुतार अळशीचं तेल लावतात ते हेच. तुझं वाया जाणारं तेल होडीला लावलं तर तू रागावशील का? मी म्हटलं, आधी विचारते.

मैना


रत्नागिरी,
२० मार्च

चि. मैना,

रागावलो नाही. वाईट वाटलं. ज्या तेलाने भावजींचं काळीज साफ व्हायचं, ते होडीच्या फळ्यांना! पण वास आलेलं तेल खाऊच नये, हे मीच सांगितलं असतं. आणि भावजी म्हणतात ते खरं आहे, लाकडाला याच्यासारखं तेल नाही. ते सुकून लाकडातच चामड्यासारखं बसतं.

मात्र कसं लावायचं ते मी सांगतो तसंच. लाकूड खरवडून कोरडं झालं पाहिजे. फडकं जुन्या सुती लुगड्याचं घ्या, नायलॉनचं तेल पीत नाही. हात पातळ फिरवा. एक बाजू पूर्ण करा, मुरू द्या, मग दुसरा हात. घाई केली तर चिकट राहील आणि वाळू बसेल.

आता महत्त्वाचं. फडकी फेकू नका. त्यांच्यात निम्मं तेल राहतं. मोकळी टाकली तर वारा लागून पापडासारखी कडक होतात, मग ती कामाची नाहीत. एकात एक गुंडाळा, घट्ट, आणि सगळ्यांचं मिळून गाठोडं बांधून गोणपाटात घालून ठेवा. वारा लागताच कामा नये. पुढच्या हाताला तीच फडकी नव्या तेलात भिजवून वापरता येतात. माझ्या घाण्यावर मी थेंब वाया जाऊ देत नाही, तुम्हीही देऊ नका.

शिवादादा


पूर्णगड,
९ एप्रिल

ती. दादा,

होडीची एक बाजू झाली. वाडीतले लोक येऊन हात फिरवून जातात. बाबू म्हणाला, "धाकू, होडी हाय की नवरी?" ह्यांची छाती फुगली. बाबूची होडी शेजारीच असते, वाळूत जागेवरून दोघांची दर साल तू-तू मी-मी होते, पण त्या दिवशी दोघे एका विडीत होते.

एक विचारायचं आहे. फडक्यांचं गाठोडं पडवीत ठेवलंय, तू सांगितलंस तसं घट्ट बांधून. ज्या दिवशी नवं तेल लावलेली फडकी त्यात जातात, त्या दिवशी संध्याकाळी ते गाठोडं गरम असतं. ऊन नाही तिथे. चूल नाही. मी हात लावला तर तापलेल्या पोरासारखं लागलं. दुसऱ्या दिवशी निवतं. पुन्हा तेल लावलं की पुन्हा तसंच.

सासूबाईंनी धसका घेतलाय. म्हणतात, "ह्येच्यात कायतरी जितां हाय." परवा जाऊन वाडीच्या राखणदार देवाला नारळ ठेवून आल्या. होडीला नवं तेल लावताना गाऱ्हाणं घातलं नाही म्हणून तो गाठोड्यात येऊन बसलाय, असं त्यांचं म्हणणं. हे हसतात. मीही हसले, पण दादा, हात लावल्यावर हसू येत नाही. हे कशाने होतं? तुला ठाऊक असेलच.

मैना


रत्नागिरी,
११ एप्रिल

चि. मैना,

राखणदार! आणि तू लिहितेस हे, माझी बहीण?

एप्रिल महिना आहे. कौलांखाली दिवसभर धग साठते. तेलाचं फडकं ती धग धरून ठेवतं, पाण्याचं सोडून देतं. म्हणून शेजारी पाण्याचं फडकं ठेवलंस तर ते थंड लागेल आणि हे गरम. एवढं साधं आहे. हे पुस्तकात शोधायचीही गरज नाही.

जनीआईंना सांग, जिवंत तेल आहे असं मी म्हटलं होतं, त्याचा अर्थ ते चालतं-बोलतं असा नव्हे. नारळ मात्र वाया घालवू नका, इकडे पाठवा, खोबरेल काढून देतो.

शिवादादा


रत्नागिरी,
१४ एप्रिल

प्रिय स्वरूप,

तुझी-माझी गिरगावातली खोली सुटून किती वर्षं झाली, तरी पॉलिशच्या धंद्यातलं काही अडलं की तूच आठवतोस. फोन केला असता तर तू आधी हसला असतास, म्हणून लिहितो.

काल सकाळी घाणा उघडला तर जळका वास. आग कुठेच नाही. शोधता शोधता जवसाचं तेल गाळायच्या फडक्यांच्या ढिगापाशी आलो. कोपऱ्यात पोत्यात दाबून ठेवली होती. हात आत घातला आणि तसाच बाहेर ओढला. बोटांना चटका बसला. ढीग उपसला तर मधली फडकी तपकिरी झाली होती, गरम इस्त्री विसरून राहावी तशी. वरची मात्र पांढरीच.

रात्रभर घाण्यात कोणी नव्हतं. विजेची तार तिथून जात नाही, मी स्वतः पाहिलं. मग हे काय? एका गिऱ्हाइकाकडेही अशीच फडकी गरम होतात असं कळलंय. तू आयुष्यभर हे तेल लाकडावर घासलंस. जे माहीत असेल ते लिही.

शिवा


मुंबई,
१८ एप्रिल

शिवा,

हसलो नाही. घाबरलो.

अरे, जवसाचं तेल सुकतं म्हणजे काय होतं? ते हवेतला प्राणवायू खातं आणि खाताना तापतं. बाटलीत काही होत नाही, फळीवर पातळ लावलं तर ती धग उडून जाते. पण फडक्यांचा ढीग केला, गुंडाळी केली, की धग आत अडकते. वाढत जाते. मग एका क्षणी आपोआप पेट घेतं. काडी नको, ठिणगी नको. आमच्या कारखान्यात फडकी एकेक पसरून दोरीवर वाळवतात, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवतात. नव्या माणसाला पॉलिश शिकवायच्या आधी हे शिकवतात. तुझं कच्चं, न उकळलेलं तेल आहे, त्याला जरा वेळ लागतो, एवढाच फरक. उन्हाळ्यात तोही नाही.

तुझं नशीब म्हणून घाणा राहिला. त्या गिऱ्हाइकाला आजच्या आज सांग. कारणासकट सांग, नाहीतर लोक ऐकत नाहीत.

स्वरूप


रत्नागिरी,
२२ एप्रिल

चि. मैना,

बाटली यावेळी पाठवत नाही. इकडे काम फार आहे, नारळाची गर्दी आहे, नाहीतर मीच आलो असतो.

ते फडक्यांचं गाठोडं पडवीत ठेवू नको. घरापासून लांब ठेव. तेलाच्या वासाला उंदीर येतात, आणि उंदरामागून लांबडं जनावर येतं. जनीआई खाली निजतात. त्यांच्याही मनाला बरं वाटेल.

धगीचं मी तुला लिहिलं ते बरोबरच आहे. त्याच्याशी याचा संबंध नाही.

शिवादादा


पूर्णगड,
२६ एप्रिल

ती. दादा,

बाटली आली नाही म्हणून सासूबाईंनी दोनदा विचारलं.

तुझं उंदरांचं वाचून दाखवलं. हे म्हणाले, बाहेर ठेवलं तर उंदीर जास्तच, शिवाय कुत्री ओढून नेतील. मग त्यांनीच युक्ती काढली. माजघरावरच्या माळ्यावर, वाशाला दोरीने टांगून ठेवलंय. चारी बाजूंनी मोकळं, उंदराची उडी तिथवर पोचत नाही. तुझ्या सांगण्यासारखं गोणपाट दुहेरी केलंय. खाली सासूबाई आता खाटेवर निजतात, म्हणून जनावराची भीती तर अजिबात नाही. आलंच तर ह्यांना आधी दिसेल, हे दारातच निजतात.

सासूबाई कुरकुरल्या, "माझ्या माथ्यावर कशाला टांगतास रे धाकू?" हे म्हणाले, "आये, तुझो राखणदार हाय ना, राखूदे तुला." सगळी हसली. त्याही हसल्या.

आठवड्याभरात होडीची दुसरी बाजू घेणार आहेत. मग फडकी पुन्हा लागतील.

मैना


रत्नागिरी,
२७ एप्रिल

मैना,

गाठोडं माळ्यावरून आजच काढ. पाण्यात बुडव. पूर्ण. वर दगड ठेव.

कारण विचारू नको. मी सांगतो म्हणून कर. मी सांगितलेलं कधी वावगं झालंय?

दादा


पूर्णगड,
९ मे

ती. दादा,

दवाखान्यात तू आलास, खांबाला टेकून उभा राहिलास आणि काही बोलला नाहीस. तुझे ओठ हलले असते तर मला कळलं असतं. मला वाटलं, दुःखाने बोलवत नसेल. सासूबाई गेल्या तेव्हा तर तू बाहेरच्या बाकावर होतास. तिथे मला काही सांगता आलं नाही, ते आता लिहिते.

"पाण्यात बुडव" असं तुझं पत्र आलं, तेव्हा ह्यांना दाखवलं. ते म्हणाले, "दुसरी बाजू व्हायची आहे. आधी ठेव म्हणतो, मग बुडव म्हणतो. कारण नाही, काही नाही. होडी झाली की बुडवू." मलाही वाटलं, चांगली फडकी कशाला नासवायची? म्हणून राहिलं.

आग लागली त्या दिवशी सकाळी दुसरी बाजू झाली. ओली फडकी ह्यांनी गाठोड्यात कोंबली, पुन्हा टांगली आणि राजापूरला गेले, इंजिनाचा भाग आला होता तो आणायला. दुपारी सासूबाई जेवून माजघरात आडव्या झाल्या. बाबू दोरखंड मागायला आला होता, पडवीत बसून विडी ओढत होता. मी मागच्या खळ्यात सुकट उलटीपालटी करत होते. घराकडे पाठ.

दादा, त्या हाका मारत होत्या म्हणे. मला ऐकू आलं नाही. माझ्या अंगावर राख पडली तेव्हा मी वळले.

आत बाबू शिरला. जळता वासा खाटेवर पडला होता, तो त्याने हातांनी बाजूला केला. आईंना उचलून बाहेर त्यानेच आणलं. त्याचे दोन्ही पंजे गेल्यासारखे आहेत, बायको त्याला भरवते.

आणि वाडी काय म्हणते? बाबूने विडीने लावली. जागेवरून भांडण होतं ना. वर आत शिरण्याचं नाटक केलंन. पोलीस चौकीत नेऊन बसवलं त्याला, मग सोडलं, पुन्हा बोलावणार आहेत. त्याची होडी बंदरात लागू द्यायची नाही असं रविवारच्या बैठकीत ठरायचं आहे. त्याची बायको माझ्या पाया पडली. हेसुद्धा बाबूचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करतात.

मला विडीचं पटत नाही. पडवी शेवटी जळली, माळा आधी. आणि ते गाठोडं गरम व्हायचं, ते माझ्या मनातून जात नाही. मी बोलले तर लोक म्हणतात, बहिरीला काय कळतं? तुझं तसं नाही, तुला सगळे मानतात. तू कागदावर लिहून दे: तेलाची फडकी आपोआप पेटू शकतात का, हो की नाही. तुझा कागद मी बैठकीत देईन. बाबूचं सगळं आता त्यावर आहे.

मैना


रत्नागिरी,
१२ मे

चि. मैना,

जनीआईंच्या जाण्याने मला जे झालं ते लिहिता येत नाही. तू खळ्यात होतीस यात तुझा दोष नाही, हे मनाला बजाव.

तू मागितलास तो मजकूर खाली देतो. तो वेगळा फाडून घे.

"मी गेली कित्येक वर्षं तेलाचा व्यवसाय करीत असून जवसाच्या तेलाचा अभ्यास केला आहे. बाटलीत ठेवलेलं जवसाचं तेल ठिणगी किंवा ज्योत यांशिवाय पेट घेत नाही. हे मी अनुभवाने व वाचनाने खात्रीपूर्वक सांगतो."

यातला शब्द न् शब्द खरा आहे. कोणीही तपासून घ्यावा. बाबूबद्दल मी काही म्हटलेलं नाही, म्हणायचं कारणही नाही. ते पोलीस बघतील.

भावजींना सांभाळ.

शिवादादा


पूर्णगड,
१९ मे

दादा,

तुझा कागद मी बैठकीत दिला नाही. बैठक एका आठवड्याने पुढे ढकलून घेतली. ह्यांच्या आईचे दिवस चालू आहेत, या सबबीवर.

मी फडक्यांचं विचारलं होतं. तू बाटलीचं लिहिलंस. तू मीठ किती चिमटी हे सांगायला अर्धं पान घेतोस. तुझ्या हातून असा शब्द चुकून पडत नाही.

होडीतली शेवटची बाटली निम्मी उरली होती. बाबूच्या बायकोला बोलावलं. माझं एक जुनं लुगडं फाडलं, तेलात भिजवलं, तू शिकवलंस तसंच एकात एक गुंडाळलं, घट्ट, गोणपाट दुहेरी केलं. वरच्या सड्यावर कातळात एक खळगा आहे, आसपास गवताची काडी नाही, तिथे ठेवलं. पाण्याची हंडी घेऊन दोघी लांब झाडाच्या सावलीत बसलो. विड्या, काडेपेटी, काही नाही. हे आले तेव्हा रागावले, "उन्हातान्हात काय खुळ्यासारख्या बसलात?" मग तेही बसले. ह्यांनीच बाबूला हाक मारली. तो बांधलेले हात मांडीवर घेऊन ह्यांच्या शेजारी बसला.

उन्हं कलायला लागली तेव्हा धूर आला. आधी दोऱ्यासारखा. मग गोणपाट मधोमध काळं पडलं, आणि भोकातून ज्वाळा वर आली. कोणी जवळसुद्धा नव्हतं.

ह्यांनी बाबूचे हात आपल्या हातात घेतले. त्याला दुखलं असेल, पण त्याने सोडवले नाहीत.

सड्यावरून परत येऊन तुझी सगळी पत्रं काढली. ती माझ्या ट्रंकेत होती, ट्रंक कोणीतरी आगीतून विहिरीपाशी फेकली म्हणून वाचली. क्रमाने लावली. अकरा एप्रिलला तू हसतोस. मग एकाएकी उंदीर येतात. मग "पाण्यात बुडव, दगड ठेव". उंदरासाठी कोणी फडकी पाण्यात बुडवत नाही, दादा. पाणी त्यालाच आठवतं ज्याला आग दिसलीय.

तू "आगीची भीती आहे" एवढे तीन शब्द लिहिले असतेस तर ह्यांनी त्याच पावली बुडवलं असतं. तुझं चुकलं असं कोणी म्हटलंसुद्धा नसतं. पूर्णगड काय मुंबईला आहे? एका गाडीचं अंतर. तू येऊन माझ्यासमोर उभा राहून बोलला असतास तरी मला कळलं असतं.

वाडीला सड्यावरचं पुरेल. पण पोलिसांचं म्हणणं, बायकांनी उन्हात काहीतरी जाळलं, त्याला कोण विचारतो? माहीतगार माणसाचा शब्द पाहिजे. म्हणून एकच विचारते आणि यावेळी बाटलीचं नको, मी विचारलं त्याचंच उत्तर दे. तुला केव्हा कळलं?

मैना


रत्नागिरी,
२० मे

मैना,

बावीस एप्रिलला. मुंबईच्या स्वरूपचं पत्र दुपारच्या टपालाने आलं. जवसाच्या तेलाची गुंडाळलेली फडकी आपोआप पेटतात, हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. कारणासकट सांग, असंही लिहिलं होतं. मी ते दोनदा वाचलं आणि त्याच संध्याकाळी तुला उंदरांचं लिहिलं. गाठोडं घट्ट बांधायला मीच सांगितलं होतं, ते मला तुझ्यापुढे चुकीचं ठरवता आलं नाही. दुसरं कारण नाही. शोधूनही सापडलं नाही.

मी सकाळच्या गाडीने येतोय. आधी चौकीत जाऊन जबाब देईन. मग बैठक बोलवा, बाबूला पुढे बसवा. स्वरूपचं पत्र आणि माझी पत्रं मी स्वतः वाचीन. तू माझ्यासमोर बस आणि ओठांवरून नजर काढू नको. एखादं वाक्य गाळायला लागलो तर हात वर कर.

शिवा